कपाटातले टॅब वर्गात आणायचे तर

वाचक-शिक्षिकेचं पत्र (नाव न छापण्याच्या विनंतीवरून): मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. दोन्ही इयत्ता मिळून सतरा मुलं, एकाच खोलीत. ग्रामपंचायतीने दोन वर्षांपूर्वी सहा टॅब दिले. त्यातले दोन आता सुरूच होत नाहीत. उरलेले चार मागच्या वर्षी आठवडाभर वापरून पाहिले. चार टॅबचे चार आवाज, प्रत्येकाभोवती चार-पाच जणांचा घोळका, टॅब मात्र एकाच धीट मुलाच्या हातात, आणि मी पाठ वळवली की गेम सुरू. शाळेत रेंज नाही. ओट्याच्या टोकाला फोनला जेमतेम येते. पालक म्हणतात, घरी मोबाईल सोडत नाहीत, आता शाळेतही तेच का? शेवटी टॅब कपाटात गेले. आता केंद्रप्रमुख वापर दाखवा म्हणतात. खरंच काही उपयोग आहे का, की नुसता देखावा?

ताई, नमस्कार.

पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि तुमचाही. घरी मूल मोबाईलवर जे करतं तेच शाळेत टॅबवर करणार असेल, तर टॅब कपाटातच बरे. चार टॅबचे चार आवाज असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मुलांना व्हिडिओ बघायला दिले असावेत असं वाटतं. व्हिडिओ हा टॅबचा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत कमी कामाचा वापर. त्याच टॅबमध्ये आवाज मुद्रित करायची सोय आहे, कॅमेरा आहे, स्टॉपवॉच आहे. सतरा मुलांत वाटल्या गेलेल्या एकट्या बाईंना जे जमणं शक्य नाही, ते या तिघांना जमतं: मुलाचं वाचन त्यालाच लगेच परत ऐकवणं, आठ दिवस हळूहळू होणारा बदल पकडून ठेवणं. म्हणून टॅब मुलांना बघायला कमी द्या आणि नोंदवायला जास्त द्या. पुढचं सगळं हे कसं जमवायचं याबद्दल आहे.

मागच्या वर्षीचा आठवडा फसला याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. पेरू देशात दहा लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले, पण शिकवण्याच्या पद्धतीत त्यांना जागा मिळाली नाही आणि मुलांचं शिकणं सुधारलं नाही, अशी नोंद युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात आहे. तुमच्या वर्गातही टॅब आले, पण तासात त्यांची जागा ठरली नव्हती.

आधी बंद पडलेल्या दोघांकडे बघू. लिथियमची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली की तिचं व्होल्टेज फार खाली जातं, आणि मग चार्जर लावला तरी पडदा लगेच पेटत नाही. टॅब सपाट टेबलावर पालथा-उताणा ठेवून बघा. तो डुगडुगत असेल किंवा पडद्याची कड उचललेली दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. असा टॅब चार्जिंगला लावू नका, दाबू नका, उघडायलाही जाऊ नका. वेगळा ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. फुगवटा नसेल तर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर आणि चांगली केबल लावून दोन तास हात न लावता ठेवा, पण नजर असू द्या. टॅब तापला तर काढा. मग पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा. अनेकदा दोष केबलमध्येच असतो, म्हणून चालू टॅबची केबल लावून बघायला विसरू नका. एखादा जगला तर तो राखीव ठेवा. नियोजन चार टॅबचंच करा.

चार्जिंग दिवसा, कोणीतरी शाळेत असताना, उघड्या टेबलावर करावं. बंद कपाटात किंवा वह्यांच्या गठ्ठ्यावर करू नये. वीजबिलाची काळजी नको: ५००० एमएएचची बॅटरी भरायला गळती धरून साधारण २५ वॉट-तास लागतात. चार टॅब पूर्ण भरले तरी युनिटचा दहावा हिस्सा.

प्रत्येक टॅबच्या पाठीवर १ ते ४ आकडे चिकटवा आणि तेच क्रमांक जडसंग्रह नोंदवहीतही (शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) टाका. सिमकार्ड असेल तर काढा, वाय-फाय बंद ठेवा. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन यूट्यूब, ब्राउझर आणि गेम 'डिसेबल' करा; लागणारी ॲप घेऊन झाली की शेवटी प्ले स्टोअरही. रेंज नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण या कामासाठी ती नसणं तुमच्या पथ्यावरच पडतं. यानंतर 'ॲप पिनिंग' सुरू करा. हे सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये असतं, काही टॅबमध्ये 'स्क्रीन पिनिंग' या नावाने. तिथेच 'अनपिन करण्याआधी पिन विचारा' हा पर्याय चालू करायचा. तो राहिला तर चौथीतलं मूल दोन मिनिटांत बाहेर पडतं. मग रेकॉर्डर उघडा, अलीकडच्या ॲपचं बटण दाबा, वरच्या चिन्हावर बोट ठेवून 'पिन' निवडा. आता टॅब त्या एका ॲपमध्येच राहतो. पिन टाकताना मुलं बोटांकडे बघतात, तेव्हा आकडे महिन्याला बदला.

आता मुख्य काम, वाचन. मोठ्याने वाचताना मुलाचं सगळं लक्ष अक्षर ओळखण्यात गुंतलेलं असतं, त्यामुळे आपण कुठला शब्द गिळला हे त्याला त्या क्षणी कळत नाही. तेच वाचन परत ऐकताना पुस्तक समोर असलं की चूक त्याची त्यालाच सापडते. बाईंनी दाखवलेल्या चुकीपेक्षा ही जास्त लक्षात राहते, आणि चारचौघांत खजील व्हायची वेळही येत नाही.

उतारा न वाचलेला, साठ ते ऐंशी शब्दांचा घ्या. लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीच्या 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या मोहिमेच्या उद्दिष्टांत तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द, समजून, असं धरलं आहे. उताऱ्याची लांबी ठरवायला तो अंदाज पुरतो. उताऱ्याच्या छापील किंवा हाताने लिहिलेल्या प्रती काढा, कारण मुलं त्यावर खुणा करणार आहेत. जोडीतलं एक मूल वाचतं, दुसरं टॅब धरतं आणि एका मिनिटाने थांबवतं. मग दोघं ऐकतात. वाचणाऱ्याच्या हातात पेन्सिल: जिथे अडखळलो, शब्द गाळला किंवा बदलला, तिथे त्याने स्वतः खाली रेघ मारायची. रेघ मारलेले शब्द तीन-तीनदा म्हणायचे, पुन्हा एकदा वाचन मुद्रित करायचं, आणि या वेळी किती रेघा उरल्या ते वहीत लिहायचं. एका मुलाला पाच ते सहा मिनिटं लागतात.

यात फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. मिनिट लावलं की मुलांना ती शर्यत वाटते; ती सुसाट सुटतात आणि जोडाक्षरं खातात. म्हणून किती शब्द झाले हे मुलांना पहिले दोन महिने मोजायलाच देऊ नका. त्यांनी फक्त रेघा मोजायच्या. वेगाची नोंद तुमची तुम्ही ठेवा. दुसरी अडचण आवाजाची. टॅबचा माइक म्हणजे कडेवरचं एक बारीक छिद्र, आणि मुलं नेमकं त्यावरच बोट ठेवतात. त्या जागेजवळ रंगीत टिकली लावा आणि टिकली झाकायची नाही असं सांगा. तोंडापासून टॅब वीतभर अंतरावर हवा. पंखा डोक्यावर नको, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसावं.

जोड्या लावताना सर्वांत पुढच्या मुलाला सर्वांत मागच्याबरोबर बसवायचा मोह टाळा. तसं झालं की पुढचा सगळं करून टाकतो आणि मागचा टॅब धरून बसतो. थोडाच फरक असलेली दोन मुलं एकमेकांचं ऐकून घेतात. सतरापैकी आठ मुलं एका वेळी टॅबवर, म्हणजे चार जोड्या. उरलेली नऊ तुमच्यासमोर. मग अदलाबदल, आणि दुसऱ्या फेरीत तीन जोड्या आणि एक तिघांचा गट. तिघांच्या गटाचं काम हमखास अर्धवट राहतं, तर त्यांना उतारा छोटा द्या. चाळीस मिनिटांचा तास असा बसतो: चार मिनिटं सूचना, बारा मिनिटं पहिली फेरी, दोन मिनिटं अदलाबदल, बारा मिनिटं दुसरी फेरी, आणि शेवटची दहा मिनिटं टॅब गोळा करून फळ्याजवळ. ही शेवटची दहा मिनिटं खाऊ देऊ नका. रेघा मारलेले शब्द मुलं सांगतील, ते फळ्यावर लिहा; एकच जोडाक्षर सहा-सात मुलांना अडलेलं तिथे दिसतं, आणि उद्या काय शिकवायचं ते तुम्हाला कळतं. पहिल्या फेरीत सहाव्या मिनिटाला घंटी वाजवा आणि जोडीतली कामं बदला. घंटी विसरली की टॅब पुन्हा त्या धीट मुलाच्याच हातात राहणार.

चार जोड्या एका खोलीत मुद्रण करू लागल्या तर सगळ्यांच्या टॅबवर सगळ्यांचे आवाज येतील. दोन जोड्या ओट्याच्या दोन टोकांना, एक दाराशी, एक अंगणात झाडाखाली, सगळ्या तुम्हाला दिसतील अशा. पावसाळ्यात बाहेर बसता येणार नाही. तेव्हा दोनच जोड्या मुद्रण करतील आणि दोन आधीचं वाचन इअरफोनवर ऐकतील. त्यासाठी एका टॅबला दोन इअरफोन जोडणारा स्प्लिटर मोबाईलच्या दुकानात मिळतो. घेण्याआधी टॅबला इअरफोनचं गोल छिद्र आहे ना, ते बघा.

फाइलला नाव देताना इयत्ता, हजेरी क्रमांक, तारीख एवढंच: ४-१२-१५ जुलै. एका मिनिटाचा आवाज साधारण एक एमबी जागा घेतो, म्हणजे वर्षभर साठवलं तरी अडचण नाही. सगळ्यांचं सगळं ऐकायला मात्र बसू नका, दमून सोडून द्याल. रोज चार मुलं ऐकली की आठवड्यात सतराही होतात.

वाचनाची घडी बसायला तीन-चार आठवडे जातील. ती बसेपर्यंत दुसरं काही सुरू करू नका. मग परिसर अभ्यासाकडे वळा. चार काचेचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे पेले घ्या, आतून ओला टिपकागद किंवा कापूस लावा, आणि कागद व काच यांच्यामध्ये रात्रभर भिजवलेले घेवड्याचे तीन-तीन दाणे बाहेरून दिसतील असे बसवा. एक पेला उजेडात, एक बंद कपाटात, एक कोरडा (यात मात्र न भिजवलेले दाणे), एक काठोकाठ पाण्याने भरलेला. एका पेल्याला एक टॅब. रोज परिपाठानंतर फोटो: जमिनीवर खडूने दोन खुणा करा, एक पेल्याची आणि एक टॅबची, मध्ये तीस सेंटिमीटर. पेल्याला लागून फूटपट्टी उभी ठेवा, फ्लॅश बंद, खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे. समोर असली तर पेला काळा येतो. कपाटातला पेला फोटोपुरताच बाहेर काढायचा. मुळाची लांबी फूटपट्टीवर मिलिमीटरमध्ये वाचून वहीत लिहायची. पाचव्या दिवशी उजेडातला पेला आडवा करा. दिवसा-दोन दिवसांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळतं. फोटो एकामागून एक भराभर सरकवले की मुलांना ते वळण डोळ्यांसमोर घडताना दिसतं, आणि हे कुठल्याही तयार व्हिडिओपेक्षा त्यांना जास्त खरं वाटतं, कारण दाणे त्यांनी स्वतः लावलेले असतात. यात घोटाळा होतो तो रविवारी: कापूस सुकतो. शनिवारी निघताना पाणी घालायचं काम शाळेजवळ राहणाऱ्या मुलाकडे सोपवायला नको, कागदाचं टोक तळाच्या बोटभर पाण्यात बुडवलं की तो आपोआप ओला राहतो. बुरशी दिसली तर पाणी जास्त झालं आहे. फोटो तिचाही काढा.

तयार साहित्यालाही जागा आहे, थोडी. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या वापराला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी वाट करून दिली, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. तुमच्यासारख्याच शाळेतून आलेली ही गोष्ट आहे. हे कोड 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये उघडतात. लॉगिन न करता, पाहुणे म्हणूनही ॲप चालतं. टॅब एखाद्या शनिवारी वाय-फाय असलेल्या ठिकाणी न्या, येत्या महिन्याच्या पाठांचे कोड स्कॅन करून साहित्य डाउनलोड करा. जुन्या पुस्तकाचा कोड फाटला-पुसला असेल तर त्याच्याखालची सहा अक्षरी खूण हाताने टाकता येते. मग तिथेच विमान मोड लावून प्रत्येक गोष्ट उघडून बघा. काही दुवे तुम्हाला यूट्यूबवर नेऊन सोडतात आणि ते रेंजशिवाय चालत नाहीत. हे वर्गात कळण्यापेक्षा आदल्या शनिवारी कळलेलं बरं. दाखवताना तीन मिनिटांहून लांब तुकडा नको. आधी विचारा, पुढे काय होईल, मध्येच थांबवा, बंद झाल्यावर वहीत दोन ओळी. आठ-दहा इंची पडद्यावर चार मुलांना नीट दिसतं, पाचव्याला दिसत नाही.

प्लिकर्सचं नाव तुमच्या कानावर आलं असेल. मुलांकडे छापील कार्डं, आणि शिक्षकाने फोन फिरवला की कोणाचं उत्तर काय ते नोंदलं जातं. कार्ड ज्या बाजूने वर धरलं ते त्या मुलाचं उत्तर. नेहमीच्या संचात चाळीस कार्डं असतात, सतरा मुलांना भरपूर. पद्धत चांगली आहे, पण फोनला नेट लागतं. तुमच्याकडे सतरा पाट्यांवर अ, ब, क, ड लिहून एकदम वर करायला सांगितलं तरी तेच दिसतं. जिथे पाटी पुरते तिथे टॅब काढू नका.

पालकांना सभेत भाषण नको, हिशोब द्या. आठवड्यात तीन दिवस, दिवसाला बारा मिनिटं, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आठवड्याला छत्तीस मिनिटं, तीही जोडीत. टॅब घरी येणार नाही, त्यात गेम नाहीत, नेट नाही. मग एक टॅब पालकांच्याच हातात द्या आणि मुलांना वाचन कसं मुद्रित करतात ते दाखवू द्या. घरच्या मोबाईलवर करायचा अभ्यास देऊ नका. ज्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, ते मूल दुसऱ्या दिवशी गप्प बसून राहतं.

एका गोष्टीबद्दल आग्रहाने सांगायचं आहे. मुलांचे आवाज आणि फोटो गावाच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, कौतुक म्हणूनही नको. अडखळत वाचणाऱ्या मुलाचं मुद्रण गावभर फिरलं तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे, तेव्हा सभेतच लेखी संमती घ्या आणि त्यात हे मुद्रण शाळेबाहेर जाणार नाही, असं एक वाक्य लिहा.

केंद्रप्रमुखांना टॅब हातात धरलेल्या मुलांचा फोटो दाखवून भागेल, पण तुमच्याकडे त्याहून चांगलं काही असेल. एक साधी वही ठेवा: तारीख, टॅब क्रमांक, जोडी, काम, काय अडलं. तिच्यासोबत एखाद्या मुलाचं जुलैतलं आणि ऑक्टोबरातलं वाचन, पालकांना विचारून, लागोपाठ ऐकवा. 'काय अडलं' हा रकाना रिकामा ठेवू नका. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कोणी आलं तर त्यांना सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होईल.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅब पुन्हा मरू नयेत म्हणून निघण्याआधी चारही निम्मे चार्ज करा, पूर्ण नको आणि रिकामे तर नकोच. पूर्ण बंद करून, पत्र्याच्या छपराला लागून नसलेल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा. मेच्या मध्यावर कोणी शाळेत जाणार असेल तर एकदा काढून पुन्हा निम्म्यापर्यंत भरावेत. आणि मुलांचे आवाज सुट्टीआधी एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. चौथीची मुलं जूनमध्ये दुसऱ्या शाळेत गेलेली असतील.